साकवाचा डूख

मी एक जुना साकव आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने चांगला नाही. शाळेच्या निबंधांतून आपली कहाणी सांगणारी छत्री, फळा, वडाचं झाड ही सगळी मंडळी फार सोशीक असतात. लोक त्यांचे कितीही हाल करोत, शेवटी ती 'सुखी राहा' म्हणूनच थांबतात. मला ते जमत नाही. माझं कुणी वाईट केलं की मी डूख धरतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा माझा डूख उन्हाने वाळत नाही आणि पाण्याने कुजत नाही. असाच एक डूख मी एका माणसावर धरला होता. त्याचं शेवटी काय झालं ते ऐका.

बोईसरहून निघून बेटेगाव मागे टाकलं की पूर्वेला डोंगर लागतात. डांबरी रस्ता संपतो तिथे टमटमवाले माणसं उतरवून परत फिरतात आणि पुढे दरीतली पायवाट सुरू होते. दरीत एक ओहळ आहे. तो सरळ वाहील तर शपथ. त्याच्या नखऱ्यांपायी पायवाटेला तो तीनदा ओलांडावा लागतो. पहिल्या जागी सिमेंटचा पूल आहे, दुसऱ्या जागी लोखंडी आणि तिसऱ्या जागी, जिथे ओहळ सगळ्यात खोल आहे, तिथे मी. माझ्या पलीकडे वारल्यांचा एक लहानसा पाडा आहे आणि त्याच्याही वर धबधबा. पाड्यातली माणसं पोटासाठी माझ्यावरून जातात आणि शहरातली माणसं धबधब्यासाठी.

मला बांधलं ते जिवल्याच्या बापाने आणि पाड्यातल्या चार माणसांनी. ऐनाचे दोन लांब ओंडके, त्यांवर आडवे बांबू, ओल्या सालीच्या दोराने आवळलेल्या गाठी आणि एका अंगाला धरायला बांबूचा कठडा. खिळा एकही नाही. ज्या कुऱ्हाडीने ऐन तोडला तिचा दांडाही ऐनाचाच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी जन्माच्या दिवशीच पाहिलं आणि पहिला डूख त्या दांड्यावर धरला. पुढे तो मोडला आणि जिवल्याच्या आईने तो चुलीत घातला. मला बरं वाटलं.

आमच्याकडे साकवाच्या दोन रीती आहेत. ओंडका बसवताना त्याचं एक टोक पलीकडच्या काठात रुतवतात. अलीकडचं टोक, दगड रचून गाठी आवळून होईपर्यंत, पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्यावर असतं. त्याला 'खालचा' म्हणतात. पाणी गार असतं आणि लाकूड जड, म्हणून एक खालचा दमला की दुसरा उतरतो. ही झाली 'बदली'. पाड्यात भावाभावांत बोलणं बंद असलं तरी बदलीला कुणी नाही म्हणत नाही. दुसरी रीत टहाळ्याची. साकव कुठे मोडला, कुजला, तर दुरुस्त होईपर्यंत दोन्ही टोकांना हिरवा टहाळा बांधून ठेवायचा. याचा अर्थ, आज इथे पाय टाकू नका. पाड्यातलं शेंबडं पोरही टहाळा बघून मागे फिरतं.

दर एक-दोन पावसाळ्यांनी माझ्यातलं काही ना काही बदलतात. आता पहिल्या दिवसाचं लाकूड माझ्यात एकही नाही. मग मी तोच कसा, असं एखादा हुशार विद्यार्थी विचारील. मी तोच, कारण नवं लाकूड आलं की जुनं लाकूड जाण्याआधी त्याला सगळं सांगून जातं. कोण चांगला, कोण वाईट, कुणी काय केलं, सगळं. लाकूड बदलतं, डूख तोच राहतो.

मी काम काही थोडं केलं नाही. लस घेऊन येणारी नर्स डोक्यावर पेटी धरून माझ्यावरून गेली. पाड्यातल्या पोरी नवऱ्या होऊन गेल्या आणि पहिल्या बाळंतपणाला परत आल्या. एकदा एका शहरी माणसाने माझा फोटो काढला आणि त्याला कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं म्हणे. माझ्या वाट्याला त्याच्या बुटाची ठोकर तेवढी आली. खालच्या सिमेंटच्या पुलाला नारळ फुटला, हार पडले, भाषणं झाली. तिथून एक साहेब माझ्यापर्यंत चालत आला आणि म्हणाला, हे असलं अजून वापरतात का. त्याच्यावरही माझा डूख आहे, पण लहान.

एक माणूस मात्र मला फार आवडतं. जिवल्याची बायको हिरा. भाताच्या लावणीला तिच्याइतका भरभर हात आजूबाजूच्या पाच गावांत नव्हता. आषाढात लोक शेतावर बोलवायला यायचे ते जिवल्याला विचारतच नसत, हिरा कुठे आहे म्हणायचे. ती माझ्यावरून जाताना कधी खाली बघायची नाही. डोक्यावर गवताचा भारा असला की खालचं दिसतच नाही. भारा डोळ्यांवर येतो. मग बाई एका हाताने भारा सावरते आणि दुसरा हात कठड्यावरून सरकवत चालते. हिराचा हात इतक्या वर्षांत माझ्या बांबूवरून इतक्यांदा सरकला होता की तिथली साल गुळगुळीत झाली होती. तेवढ्या तुकड्याचा मला अभिमान होता.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली दुपार, पावसाने उघडीप दिलेली. बोईसरच्या एका कारखान्यातली सात-आठ माणसं पार्टी करायला दरीत आली आणि माझ्या अलीकडच्या काठावर बसली. कोंबडी आणली होती, मसाला आणला होता, आणि जळण म्हणून भर पावसाळ्यात रानातल्या काटक्या गोळा केल्या. त्या कशाला पेटतात? धूर झाला, डोळे चुरचुरले, एकमेकांवर खापर फोडून झालं. तेव्हा त्यांच्यातला एक उठला. त्याचं नाव प्रदीप. चालताना तो टाच आपटतो. तो माझ्याकडे आला, कठड्यावर टिचक्या मारल्या आणि हसून म्हणाला, "अरे, इथे सुकं तयार असताना कशाला मरताय?"

त्याने कठड्याचा बांबू ओढला. गाठी सुटेनात तर सुरीने कापल्या. मग माझ्याच डोळ्यांदेखत त्याचे तुकडे करून चूल पेटवली. हिराच्या हाताने गुळगुळीत झालेला तुकडा सगळ्यात आधी जळला. कोंबडी फर्मास झाली, असं सगळे म्हणाले. जिवल्याच्या आईच्या चुलीत कुऱ्हाडीचा दांडा गेला तेव्हा मी खूश झालो होतो, आता माझाच बांबू चुलीत होता. ऊन कलल्यावर ती मंडळी हाडं तिथेच टाकून निघून गेली.

त्यानंतर हिरा आली. डोक्यावर गवताचा भारा. तिने नेहमीसारखा माझ्यावर पाय टाकला आणि नेहमीसारखा हात बाजूला टाकला. हाताला काही लागलं नाही. तोल गेला आणि ती भाऱ्यासकट खाली दगडांवर पडली. मी साकव आहे, मित्रांनो. माणसाला पलीकडे नेणं हा माझा धर्म, आणि माझ्या डोक्यावरून माझं माणूस खाली गेलं तेव्हा मला बोटही हलवता आलं नाही.

जिवल्याने आणि त्याच्या भावाने, मंगळ्याने, तिला कांबळ्याच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. हिरा आता काठी टेकत चालते. चिखलात वाकून लावणी करणं संपलं. पहिल्या आषाढात बोलवायला आलेले लोक तिला बघून गप्प परत गेले. पुढच्या आषाढात कुणी आलंच नाही. ती दिवसभर माझ्या पलीकडच्या टोकाशी, घरापुढच्या ओट्यावर बसून टोपल्या विणते. बांबू कुणी नेला ते तिला माहीत नव्हतं, जिवल्याला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला, आणि मला तोंड नाही.

म्हणून मी ठरवलं. घोडामैदान जवळच आहे, म्हटलं. हा टाच आपटणारा पुन्हा कधीतरी येईल, कारण शहरातल्या माणसाला धबधबा सुटत नाही. तो एकटा माझ्या मध्यावर आला की मी फुटायचं. जिवल्याने नवा कठडा बांधला, त्या बांबूला मी हे सांगितलं. पुढच्या वर्षी दोन आडवे बांबू आले, त्यांनाही सांगितलं. यंदाच्या भाद्रपदातल्या पुरात एक झाड वाहत येऊन माझ्या उजव्या ओंडक्यावर आदळलं आणि ओंडका बुडातून, वरून दिसणार नाही असा तडकला, तेव्हा दुसरा कुणी रडला असता. मी मात्र खूश झालो. हत्यार आयतं हाती आलं.

दसरा होऊन गेल्यावरचा रविवार. जिवल्याला सकाळी तो बुडातला तडा दिसला; त्याने माझ्या दोन्ही टोकांना आंब्याचा टहाळा बांधला आणि मंगळ्या व आणखी दोघांना घेऊन वाऱ्याने पडलेला ऐन आणायला वरच्या रानात गेला. हिरा ओट्यावर होती. आणि तेवढ्यात खालच्या लोखंडी पुलावर मला टाच ऐकू आली.

प्रदीपच होता. या वेळी सोबत मित्र नव्हते, कुटुंब होतं. पुढे त्याची चौथीतली मुलगी स्वरा, मागे बायको रूपाली आणि तिच्या हाताला धरून त्याची आई साखरबाई. ही मंडळी मूळची परभणीकडची. साखरबाई दसऱ्याला लेकाकडे आली होती आणि धबधब्यापाशी देवी आहे असं कुणीतरी तिला सांगितल्यामुळे कनवटीला हळदकुंकवाची पुडी घेऊन इतकी वाट चालत होती. वाटभर पाण्यात पाय सोडणं, खेकडे बघणं चाललं होतं. प्रदीप लेकीला सांगत होता, पुढे तिसऱ्या पुलावर तुला आपल्या गोष्टीतली जागा दाखवतो, गंमत आहे. मी ते ऐकलं आणि माझ्या गाठी आवळल्या. गंमत!

साखरबाई माझ्यापाशी आली आणि टहाळा बघून थबकली. दसरा नुकताच झालेला. तिच्या घराच्या चौकटीवर आंब्याची पानं अजून असतील. तिने आपल्या परीने अर्थ लावला.

"बघ गं रूपाली, या लोकांनी पुलाला बी तोरण बांधलंय," ती म्हणाली. "अन् आपण चपला घालून निघालो."

तिने चपला काढल्या, पुडी सोडली, माझ्या कठड्याच्या खुंटाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. लेकराबाळांना सुखरूप पार ने, देवा, असं पुटपुटली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी देव म्हटलं नव्हतं. लाकूड असलो तरी क्षणभर विरघळलो, हे खोटं कशाला बोलू? पण कुंकू लावणारी कुणाची आई आहे ते आठवलं आणि पुन्हा कडक झालो. देव झालो तर झालो. देवही कोपतातच की.

प्रदीपला तो पाला तोंडाला लागत होता. त्याने टहाळा ओढून काढला आणि चिलटं हाकायला स्वराच्या हाती दिला. खोड म्हणतात ती ही. माझ्या अंगावरचं काही ओढून काढल्याशिवाय या माणसाला पुढे जाताच येत नाही. मग तो म्हणाला, तुम्ही थांबा, आधी मी जातो आणि पलीकडून तुमचा येतानाचा व्हिडिओ काढतो.

म्हणजे एकटा. आणि सगळ्यांच्या आधी. मी मागितलं नव्हतं इतकं नीट जुळून आलं.

त्याने पाय टाकला. एका हातात मोबाइल, दुसरा हात कठड्याला. टाच, टाच, टाच. प्रत्येक पावलाला तडा थोडा थोडा उघडत होता. मी ओंडक्याला म्हणत होतो, अजून नको, मध्यावर येऊ दे, खाली तेच दगड आहेत. तो मध्यापासून हातभर राहिला असेल, तेवढ्यात पलीकडून हिरा ओरडली.

"थांब रे भाऊ! पुडं पाय नको टाकू. लाकूड मोडलाय तो."

तो जागच्या जागी थांबला. तडा करकरला आणि त्याची पाचावर धारण बसली. मोबाइल खिशात घालायचंही त्याला सुचेना. हिरा काठी टेकत टोकापर्यंत आली आणि त्याला समजावू लागली. घाबरू नको, खाली बस, डावीकडच्या चांगल्या ओंडक्याच्या अंगाला हो आणि बसल्या बसल्या सरकत ये. मी मनातल्या मनात किंचाळत होतो. अगं हिरा, कुणाला वाचवतेस? तुझा पाय मोडणारा हाच. सोड त्याला. पण ती त्याला तान्ह्या पोराला बोलवावं तसं बोलवत राहिली आणि तो ढुंगणावर घसरत, घामाघूम होऊन तिच्यापर्यंत पोचला. तिने त्याला हात देऊन वर घेतलं. माझी दोन वर्षांची तयारी पाण्यात गेली.

माझा इतका संताप त्या बांबूच्या चुलीपुढेही झाला नव्हता. हिराने बाकीच्यांना वरच्या अंगाला मोठ्या दगडांवरून यायची वाट दाखवली. रूपालीने सासूला धरून आणलं, स्वरा उड्या मारत आली. सगळी ओट्यावर बसली. हिराने पाणी दिलं, वेलीवरच्या काकड्या कापून दिल्या. टहाळ्याचा अर्थ सांगितला तेव्हा साखरबाईने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, घ्या, आमच्या हिराच्या काकड्याही खा आता. चोराला पाटाचा मान.

खाता खाता साखरबाईने हिराला पायाचं विचारलं. बाया बायांना विचारतातच. हिराने सांगितलं. श्रावणातला भारा, नेहमीचा हात, नसलेला बांबू. दुसऱ्या दिवशी जिवल्याला रस्त्याकडच्या काठावर राख आणि हाडं दिसली, तेव्हा कळलं बांबू कुठे गेला ते.

"बोईसरची मानसं होती कोनतरी," हिरा म्हणाली. "कोंबडी खाल्ली, आन वर माजा पाय बी खाल्ला."

प्रदीपच्या तोंडातली काकडी तोंडातच राहिली. तो ओहळाकडे बघू लागला. आणि तेव्हा, मित्रांनो, जे मला दोन वर्षांत साधलं नाही ते एका पोरीने साधलं. स्वरा बापाकडे वळून अगदी निर्मळ मनाने म्हणाली, "पप्पा, ही आपलीच गोष्ट ना? ओली लाकडं पेटत नव्हती, मग तुम्ही पुलाचा बांबू काढलात, ती?"

तेव्हा मला समजलं की हा माणूस ती पार्टी घरी गोष्ट करून सांगत होता. पाहुणे आले की, वाढदिवसाला, कधी जेवताना. साकवाचीच चूल केली म्हणून टाळ्या घेत होता. पोरीला ती पाठ झाली होती. जिभेला हाड नसतं हे खरं, पण असल्या जिभा परतून मालकालाच चावतात.

"ती दुसरीकडची," प्रदीप कसंबसं म्हणाला.

"दुसरीकडची कुठली?" रूपालीने विचारलं. तिचा आवाज चढला नाही. "आत्ता वाटेत तुम्हीच म्हणालात, तिसऱ्या पुलावर जागा दाखवतो."

 हिराने हातातली सुरी खाली ठेवली आणि प्रदीपकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. साखरबाईने काकडीची फोड ताटलीत परत ठेवली.

"भारा डोक्यावर असला की पाय दिसत नाहीत, बाळा," ती लेकाला म्हणाली. "मी जन्मभर कडब्याचे भारे वाहिले. तू माझ्या मागं मागं चालायचास. तुला हे ठावं नव्हतं व्हय?"

त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्या दिवशी त्याला ते आठवलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याची दया आली असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला अजून ओळखलं नाही. मी म्हणत होतो, अजून. अजून काहीतरी होऊ दे.

तेवढ्यात रानातून जिवल्या, मंगळ्या आणि ते दोघं ऐनाचा ओंडका खांद्यावर घेऊन उतरले. हिराने नवऱ्याला एका वाक्यात सांगितलं, बांबू जाळणारा हा. जिवल्याने ओंडका टाकला. कमरेचा कोयता त्याच्या हातात कधी आला ते कुणाला दिसलं नाही. रूपालीने स्वराला जवळ ओढलं. माझा श्वास, म्हणजे माझ्यातून वाहणारा वारा म्हणा, थांबला. दोन वर्षं सूड सूड म्हणत होतो आणि तो असा पोरीसमोर कोयता घेऊन उभा राहिला तेव्हा मलाही नजर वळवावीशी वाटली.

"कोयता ठेव," हिरा म्हणाली. "काम पडलाय. खाली याला उतरव."

जिवल्या बघतच राहिला. मग त्याने कोयता खुंटात मारला. प्रदीपने बूट काढले, मोबाइल बायकोकडे दिला. जिवल्याने त्याला अलीकडच्या, रस्त्याच्या अंगाला नेऊन पाण्यात उभं केलं. पाणी कमरेच्या वर होतं. त्याच्या खांद्यावर ओंडक्याचं टोक आलं तेव्हा हिरा काठावरून दुसरं वाक्य बोलली.

"आन बदली नाय."

मित्रांनो, ते काम मी तुम्हाला किती चवीने सांगू? ऐन ओला होता, मुळातच जड. तरी मी त्याला म्हटलं, अजून जड हो. जिवल्याने दगड रचले, पसंत पडले नाहीत म्हणून काढले, पुन्हा रचले. गाठ बांधली, सोडली, नव्या सालीने बांधली. प्रदीपचे ओठ काळेनिळे पडले, दात वाजायला लागले, खांदा सोलला. दोनदा त्याने वर बघितलं. कुणी उतरलं नाही. एकदा मंगळ्याच सवयीने सदरा काढून पाण्याकडे निघाला. आयुष्यभराची रीत होती ती, पाय आपोआप वळले. हिराने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो खाली मान घालून दगडावर बसला. बदलीला नाही म्हणणं पाड्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रूपाली त्याचा मोबाइल धरून उभी होती.  साखरबाईने तोंडाला पदर लावला होता. स्वरा मात्र टहाळ्याची पानं तोडत विचारत होती, पप्पांना कधी वर घेणार?

शेवटची गाठ आवळली गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रदीप काठ धरून वर आला. उभं राहवत नव्हतं. तरी तो हिरासमोर गेला आणि त्याने हात जोडले. मावशी, माफ करा म्हणाला. मला वाटतं तो मनापासून म्हणाला.

"माफीचा मी काय करू?" हिरा म्हणाली. "लावनीला जाता येल का मना?"

त्याने जोडलेले हात खाली घेतले. हिरा पुढे म्हणाली,

"ती गोष्ट सांगतोस ना घरी? इथं सांग. पोरीला सांग. पन सगली सांग."

प्रदीप ओल्या कपड्यांनी लेकीसमोर बसला आणि सांगू लागला. कोंबडी भाजली इथपर्यंत गोष्ट त्याला तोंडपाठ होती. तिथे तो नेहमी थांबायचा, कारण तिथे सगळे हसायचे. आजही तो तिथे थांबला.  हिरा म्हणाली, "पुडं." मग तो हळूहळू, एकेक शब्द शोधत म्हणाला, की संध्याकाळी या मावशी भारा घेऊन आल्या. त्यांना खालचं दिसत नव्हतं. त्यांनी बांबूला हात घातला, आणि बांबू नव्हता.

स्वराने हिराच्या पायाकडे बघितलं. मग बापाकडे.

"पण पप्पा," ती म्हणाली, "आपण तर हसायचो."

 पाण्यात उभा असताना त्याने तोंडातून आवाज काढला नव्हता. आता काढला. तोंड लपवायला त्याने हात वर घेतले, पण सोललेला खांदा वर जाईना.

मी त्याला खाली पाडणार होतो. पाडलं असतं तर काय झालं असतं? पाय मोडला असता, जुळला असता, आणि पुढच्या पाहुण्यांना त्याने तीही गंमत करून सांगितली असती. त्या पोरीच्या एका वाक्याने जे केलं ते माझ्या फुटण्याने झालं नसतं. हिराने त्याला का वाचवलं, ते मला तेव्हा कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणेल, माणूस पडत होता म्हणून. ती चांगली आहे. मी नाही.

अंधार पडायच्या आत ती मंडळी परत निघाली. धबधबा राहिला, देवी राहिली. साखरबाईने जाताना हिराचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. नव्या ओंडक्यावरून सगळ्यांत आधी तिलाच जाऊ दिलं, मग रूपालीला, मग स्वराला. सगळ्यांच्या मागून प्रदीप आला. टाच आपटत नव्हता. मी त्याला नीट पलीकडे नेलं, कारण तो माझा धंदा आहे. माफ केलं म्हणून नव्हे. नवा ओंडका बसला त्याच दिवशी मी त्याला प्रदीपचं नाव सांगितलं आहे, आणि तो आपल्यानंतर येणाऱ्याला सांगेल.

तर मित्रांनो, दरीत जरूर या. ओहळात पाय सोडा, खेकडे बघा, कोंबडी भाजायची तर तीही भाजा, जळण घरून आणा. माझी पूजा केली नाहीत तरी चालेल. पण वाटेवरचं काहीही उपटण्याआधी, तिथे कुणाचा हात येतो ते एकदा कुणाला तरी विचारा. नाही विचारलंत तर माझं काही जात नाही, मला तोंड नाही, मी कुणाला सांगायला येणार नाही. तुमच्या घरी तुमची गोष्ट लक्ष देऊन ऐकणारं एखादं लेकरू असेलच.